ब्याऐंशी अंशांवर थांबलेली गाडी

लॅपटॉप मी कामासाठी घेतला होता, खेळण्यासाठी नाही. मी घरांच्या आतल्या सजावटीची चित्रं करते. ज्या फ्लॅटच्या भिंतीसुद्धा अजून उभ्या राहिलेल्या नाहीत, त्यातला सोफा, पडदे, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन, सगळं आधीच खऱ्यासारखं करून दाखवायचं. त्याला दणकट मशीन लागतं. ऑफिसमधल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, गेमिंगवाला घे, तोच हे काम झपाट्याने करतो. घरी आणून चालू केला तर कीबोर्डच्या खालून लाल, निळे, हिरवे दिवे वाहायला लागले. आई पोळ्या करत होती. हातातलं लाटणं तसंच घेऊन ती बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गणपतीत मखराजवळ छान दिसेल हे."

आम्ही तिघं इंदूरला स्नेहलतागंजात राहतो. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वारा तिकडून आला की स्टेशनवरच्या अनाउन्समेंट थेट स्वयंपाकघरात ऐकू येतात, आणि कुठली गाडी लेट आहे हे आईला घड्याळासारखं कळतं. बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. आधी महूहून छोट्या लाइनवर, म्हणजे मीटरगेजवर, मग मोठ्या लाइनवर, आणि मग रिटायर. माझ्या लहानपणी ते घरी असले तर झोपलेले असायचे, नाहीतर ड्युटीवर असायचे. त्यांच्या कामाबद्दल मला तेव्हा फक्त एवढंच माहीत होतं की ते झोपले असताना कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. फिजिओथेरपीवाली डॉक्टर घरी येऊन व्यायाम शिकवून जायची आणि दर वेळी सांगायची, "बाबूजी, आता जिना उतरा. रोज एकदा तरी." बाबा मान हलवायचे आणि ती गेली की गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचे.

"खाली काय ठेवलंय?" असं त्यांचं म्हणणं. दूध वर येतं, पेपर वर येतो, मग माणसाने खाली कशाला जायचं? डिसेंबर गेला, संक्रांत गेली. बाबांचं बोलणं कमी होत गेलं. आई एकदा मला हळूच म्हणाली, "हे घरात बसले ना, की घर लहान होतं."

तेव्हा मी तो रेल्वे चालवण्याचा खेळ लॅपटॉपवर घातला. त्यात स्टेशनं, सिग्नल, बोगदे सगळं असतं, आणि आपण ड्रायव्हरच्या जागेवर बसून गाडी न्यायची. मी मोठ्या उत्साहाने दाखवायला गेले. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आम्ही खरी चालवली बेटा, आता खोटी चालवू?" म्हणाले आणि पेपर उघडला.

पुढच्या रविवारी दुपारी मात्र त्यांनीच विचारलं, "तुझं ते यंत्र रिकामं आहे का?"

ते आंघोळ करून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले होते. मी त्यांना टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट दिला, माऊस कसा धरायचा ते दाखवलं. कुठल्याशा बर्फाळ देशातली लाइन होती. बाबांनी गाडी इतक्या अलगद हलवली की स्टेशन मागे सरकतंय हे मला उशिरा कळलं. समोर सिग्नल आला. बाबा मोठ्याने म्हणाले, "हिरवा." आणि थांबले. मी रुळांकडेच बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"अगं, असिस्टंटने पण म्हणायचं असतं. दोघांना दिसला तरच तो दिसला."

"हिरवा," मी म्हणाले.

मग ते खुशीत आले. बर्फातल्या दोन स्टेशनांपर्यंत आम्ही असेच सिग्नल म्हणत गेलो. आत भांडी लावत असलेली आई मध्येच विचारत होती, "कोण हिरवा? काय हिरवा?"

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "यात पाण्याचं टेम्परेचर कुठे दिसतं?"

"बाबा, ही इलेक्ट्रिक गाडी आहे. हिला पाणी नाही."

"मग गरम झाली तर कळणार कसं?"

नेमका तेव्हाच लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला. बाबांनी कान टवकारले. मी सांगितलं, काही नाही, खेळ भारी आहे, आतल्या चिपला काम पडतं, ती तापते, पंखा तिला थंड करतो. ते म्हणाले, "म्हणजे इंजिन हे आहे." आणि टेबलावर बोट ठेवलं. "याचं टेम्परेचर दाखव."

स्क्रीनच्या कोपऱ्यात तो आकडा दिसायची सोय असते. मी ती चालू करून दिली. त्या दिवसापासून बाबांची नजर तीन ठिकाणी फिरायला लागली: रूळ, सिग्नल आणि कोपऱ्यातला आकडा.

एकदा गाडी एका लांबलचक पुलावर होती आणि बाबांनी ब्रेक लावून ती चक्क उभी केली. मला वाटलं, चुकून काहीतरी दाबलं गेलं.

"काय झालं?"

"ब्याऐंशी झालं. इंजिन गरम आहे."

मी समजावलं. हे सगळं मी स्वतःच्या धास्तीपोटी आधीच नीट वाचून काढलेलं होतं, कारण लॅपटॉप गेला असता तर माझं कामच बंद पडलं असतं. मी म्हटलं, नुसता चालू असताना तो पंचेचाळीस-पन्नासला असतो. खेळताना किंवा माझं चित्र तयार होताना सत्तर-ऐंशी होणारच. पंच्याऐंशीपर्यंत निवांत, नव्वदीपर्यंतसुद्धा बिघडत काही नाही. पंचाण्णवच्या वर सारखा जायला लागला तर मात्र बघायला हवं. कंपनीने त्याच हिशोबाने बनवलेला असतो.

"कंपनी इंदूरला राहते का?" बाबांनी विचारलं.

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "क्या है बेटा, कंपनीचा आकडा वेगळा असतो, आणि मे महिन्यात घाटात चालणारा आकडा वेगळा असतो. आपण ऐंशीला थांबायचं."

मग तसंच ठरलं. ऐंशी झालं की गाडी उभी. पुलावर, बोगद्याच्या तोंडाशी, कुठल्याही माळावर. आकडा साठीत उतरला की पुन्हा चालू. आमच्या सगळ्या गाड्या लेट व्हायला लागल्या. खेळात शेवटी गुण मिळतात, ते बाबांना कधी मिळालेच नाहीत आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. त्या थांब्यांमध्ये आई चहा आणून द्यायची, कधी पोहे. खुर्चीमागे उभी राहून स्क्रीनवरच्या बर्फाकडे बघत म्हणायची, "त्या बिचाऱ्या पॅसेंजरांना थंडी वाजत असेल हो." बाबा बशीत चहा ओतत म्हणायचे, "डब्यात हीटर आहे."

घर पुन्हा मोठं झालं होतं. फक्त जिना मात्र ते अजून उतरत नव्हते.

होळी झाली आणि ऊन चढायला लागलं. इंदूरचा उन्हाळा कोरडा, दुपारी गॅलरीचं दार उघडलं तर भट्टीचं झाकण काढल्यासारखं वाटतं. आता लॅपटॉप नुसता चालू केला तरी आकडा साठीवर असायचा. गाडी स्टेशनातून निघेपर्यंत नव्वद, मग पंचाण्णव, आणि गाडी उभी केली तरी तो उतरायचा नाही. पंखा सतत ओरडत राहायचा. आणि आता एक नवीनच गोष्ट व्हायला लागली. गाडी अडखळायची. रूळ थांबायचे, मग एकदम पुढे उडी मारायचे, सिग्नल दिसायच्या आधीच मागे जायचा. बाबा हैराण. "मिसफायर होतंय," म्हणाले.

ते मी थोडं हसण्यावारी नेलं. पण मग एका दुपारी माझ्याच कामाच्या वेळी तो बंद पडला. एका बाईंच्या दिवाणखान्याचं चित्र तयार होत होतं, अर्ध्या खोलीत ऊन आलं होतं, अर्धी अजून करडी होती, आणि स्क्रीन काळी झाली. काही सूचना नाही, काही नाही. कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लावला तर बोट मागे घ्यावं लागलं.

बाबा गॅलरीच्या दारात उभे होते. मी तुला सांगत होतो, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते म्हणाले, "हवा कुठून घेतं हे?"

"खालून."

"मग खाली बघ."

मी लॅपटॉप उचलला. खाली आईने विणलेला क्रोशाचा रुमाल होता, चांगला जाड, पाकळ्यापाकळ्यांचा, हवा घ्यायच्या सगळ्या फटी झाकून बसलेला. मी रोज तिथेच बसत होते आणि तो रुमाल मला टेबलाचाच भाग वाटत होता.

आईला विचारलं. ती म्हणाली, "टेबलाला चरे पडत होते म्हणून घातला. आणि गरम भांड्याखाली आपण काहीतरी घालतोच की."

रुमाल निघाला. आकडा थोडा उतरला, पण नव्वदीच्या आसपासच घुटमळत राहिला. आईला मनातून लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर टेबलच जागेवर नव्हतं. ते तिने ओढून कूलरच्या तोंडासमोर नेलं होतं. बाबा शर्टाची बटणं लावून, भुरभुरत्या ओल्या हवेत, बर्फातली गाडी चालवत होते. आकडा शहात्तर. दोघांचे चेहरे असे की मला रागावताच येईना. पण स्क्रीनवर बोट फिरवलं तर बोट दमट झालं. मी लगेच लॅपटॉप बंद केला आणि टेबल परत मागे घेतलं.

"गार तर झालं होतं," आई म्हणाली.

"गार झालं आई, पण पाणी आत गेलं तर कायमचंच गार होईल."

ऑफिसातल्या एकीने मला अन्नपूर्णा रोडकडच्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे एक बाई लॅपटॉप दुरुस्त करतात, समोर उघडून दाखवतात, म्हणाली. मी फोन केला. बाई म्हणाल्या, "आण ना. आतून एकदा साफ करायची वेळ झाली असेल. या मौसममध्ये सगळ्यांचेच येऊन राहिलेत."

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप बॅगेत भरत होते. बाबा आतून शर्ट घालून आले आणि चपला शोधायला लागले.

"कुठे?" आईने विचारलं.

"मी पण जातो. आतून बघायचंय मला."

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. एक शब्द जरी जास्त झाला असता तरी ते परत फिरले असते, हे आम्हाला दोघींना माहीत होतं.

जिना उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. बाबांनी डाव्या हाताने कठडा धरला, उजव्या हातात काठी. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, हे डॉक्टरने शिकवलेलं त्यांना नीट पाठ होतं. म्हणजे इतके दिवस ते ऐकत होते तर. मी एक पायरी पुढे, वळून त्यांच्याकडे बघत, उलटी उतरत होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अरे वा, काका." बाबा म्हणाले, "जरा इंजिन शेडमध्ये न्यायचंय." काकूंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

रिक्षात ते कडेला बसले आणि बाहेर बघत राहिले. कुठे नवीन दुकान झालंय, कुठला पूल कुठवर आलाय, सगळं बघत, मोठ्याने वाचत.

दुकान लहानसं होतं, पण स्वच्छ. बाई माझ्याच वयाच्या. आधी एका कॉलेजात शिकवायच्या, मग हे दुकान काढलं, असं बोलता बोलता कळलं. त्यांनी बाबांना स्टूल दिलं, टेबलावर जाळीची मॅट पसरली आणि लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण उघडलं. बाबा पुढे वाकले. मीही वाकले. आत दोन छोटे पंखे, त्यांना जोडलेल्या तांब्याच्या चपट्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी. पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीचा एक थर बसला होता, वातीसाठी वळलेल्या कापसासारखा.

"रेडिएटर चोक आहे," बाबा म्हणाले.

बाईंनी वर बघितलं. "बिलकुल. रेडिएटरच आहे तो. तुम्ही गाड्यांचं काम करत होता का?"

"रेल्वे. ड्रायव्हर होतो."

बाईंनी चिमट्याने तो थर उचलला. तो अखंडच निघाला. मग ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने जाळी साफ केली, पंखे फिरू नयेत म्हणून बोटाने धरून. तांब्याच्या नळ्या वर उचलल्या तर खालच्या चिपवर लावलेला लेप वाळून तडकलेला होता. तो त्यांनी पुसून काढला आणि नवा लावला, मसुरीच्या डाळीएवढा. बाबांनी विचारलं, हा कशाला? त्या म्हणाल्या, चिप आणि तांब्यामध्ये हवा राहिली तर उष्णता पलीकडे जात नाही, लेप ती फट भरतो.

"आणि किती टेम्परेचर ठीक?" बाबांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"खेळताना पंच्याऐंशीपर्यंत आरामात चालवा. उन्हाळ्यात नव्वदीला टेकलं तरी घाबरायचं कारण नाही. रोज पंचाण्णव व्हायला लागलं तर माझ्याकडे या."

"मग घंटी वाजते?"

"घंटी नाही वाजत काका. पंचाण्णवच्या वर गेलं की तो स्वतःच हळू होतो. काम कमी करतो, म्हणून तर तुमचा खेळ अडकत होता. तरी नाही उतरलं तर स्वतःला बंद करून घेतो. चिप जळण्याआधी."

बाबा त्या उघड्या मशीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नॉच आपला आपणच खाली घेतो." आणि मला समजावून सांगितलं, जसं काही ते मलाच समजलं नव्हतं: त्यांच्या इंजिनाला ताकद कमी-जास्त करायला खाचा असलेला दांडा होता, एकेक खाच म्हणजे एक नॉच. इंजिन तापलं की घंटी वाजायची आणि नॉच माणसाने कमी करायचा. इथे मशीन ते माणसाला न विचारता करत होतं. "हुशार आहे," ते म्हणाले. "मग मी ऐंशीला उगाच उभी करत होतो."

"उगाच नाही काका," बाई म्हणाल्या, "थोडी जास्त काळजी घेत होता, बस. त्याने काही नुकसान नाही."

निघताना त्यांनी बाकीचं सांगितलं. मागची बाजू थोडी उचललेली ठेवा, खाली कापड, गादी, उशी काही नको, कूलरसमोर नको. शिवाय खेळाचं चित्र सेकंदाला साठपेक्षा जास्त वेळा बदलू देऊ नका, डोळ्याला फरक कळत नाही आणि चिपला उगाच मेहनत पडते. ते सेटिंग त्यांनी तिथेच करून दिलं.

परत आल्यावर बाबांनी बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली, मला धरू दिली नाही. दुसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसले, बॅग मांडीवर घेऊन. चेहरा घामेजला होता, पण चांगला दिसत होता. "जरा बसू," म्हणाले. आम्ही बसलो. वरून आईचा आवाज आला, "आलात का?" बाबा म्हणाले, "स्टेशनाबाहेर होम सिग्नलला उभे आहोत. लाइन मिळाली की येतो."

त्यानंतर मे महिन्यातसुद्धा आकडा अठ्ठ्याहत्तर-ऐंशीच्या पुढे सहसा गेला नाही. लॅपटॉपखाली घडीचा स्टँड आला. पंखा गुणगुणल्यासारखा वाजायचा, त्यावर बोलता यायचं. माझं चित्रही पूर्वीसारखं झरझर तयार व्हायला लागलं. बाबांनी स्वतःची मर्यादा पंच्याऐंशीवर नेली, आणि ती ते पाळायचे.

सुट्टीच्या एका दुपारी शोधता शोधता मला एक नवीन लाइन सापडली. कुठल्या तरी हौशी माणसाने स्वतः तयार करून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली होती. आपल्याकडचा घाट, छोटी लाइन, डिझेल इंजिन. मी बाबांना काहीच न सांगता ती उघडून दिली. ते खुर्चीत बसले, समोर बघितलं आणि पुढे सरकले.

"हे पाताळपाणी नाही," थोड्या वेळाने म्हणाले. पाताळपाणी म्हणजे महूपुढचा, त्यांच्या जुन्या छोट्या लाइनवरचा घाट.

"नाही. म्हणजे असेल असं लिहिलेलं नाही."

"नाहीये. इथे वळण उजवीकडे हवं होतं. पण ज्याने केलंय त्याने घाट बघितलाय." मग म्हणाले, "बैस. असिस्टंटने डावीकडे बसायचं."

मी स्टूल ओढून त्यांच्या डाव्या हाताला बसले. आई भाजी निवडायची परात घेऊन आमच्या मागे पलंगावर येऊन बसली. गाडी चढायला लागली. बाबा हळूहळू बोलत होते, मला की स्वतःला ते कळत नव्हतं. इथे मागून दुसरं इंजिन ढकलतं. इथे माकडं असतात, खिडकी लावून घ्यायची. कालाकुंडला गाडी थांबली की लोक कलाकंद घ्यायला पळतात, त्यांना चढेपर्यंत वेळ द्यायचा. आकडा एकोणऐंशी झाला, मग एक्याऐंशी, मग त्र्याऐंशी. मी म्हटलं, "त्र्याऐंशी." बाबा म्हणाले, "त्र्याऐंशी," आणि चालवत राहिले.

"इथेच कुठेतरी थांबली होती ना आपली गाडी?" आईने मागून विचारलं.

बाबांच्या कानांच्या मागे थोडी लाली आली.

"कुठली गाडी?" मी विचारलं.

"सांगा ना आता," आई म्हणाली. बाबा सांगेनात, तेव्हा तिनेच सांगितलं.

मी तेव्हा मांडीवरची होते. आई मला घेऊन खंडव्याला माहेरी गेली होती आणि मे महिन्यात परत येत होती. बाबा तेव्हा ड्रायव्हर नव्हते, असिस्टंट होते, आणि योगायोगाने त्या दिवशी त्याच गाडीवर त्यांची ड्युटी होती. आईला ते ठाऊक होतं. ती खिडकीत बसली होती, नवीन साडी नेसून. घाटाच्या मध्यावर गाडी थांबली.

"घंटी वाजली," बाबा आता बोलले. "पाणी फार तापलं होतं. घाटात वाळलेलं गवत, पानं उडून रेडिएटरच्या जाळीला चिकटली होती. ड्रायव्हरसाहेबांनी नॉच पार खाली आणला, मी जाळी साफ केली. हाताने. दुसरं काय होतं? मग थंड होईपर्यंत थांबायचं."

"लोक उतरले," आई म्हणाली. "झाडाखाली बसले. कुणी डबे उघडले. माझ्यासमोरच्या बाईंनी मला पुरी-भाजी दिली. आणि हे डब्यांच्या कडेकडेने चालत आले, सगळ्यांना सांगत, की घाबरू नका, थोडा वेळ लागेल. हात काळे, तोंड काळं. मी तुला घेऊन खिडकीत. मला वाटलं आता विचारतील, पाणी आहे का, पोरगी बरी आहे का. हे खिडकीपाशी आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'थोड़ा टाइम लगेगा, बहनजी.'"

मी बाबांकडे बघितलं. ते सरळ रुळांकडे बघत होते.

"ड्युटीवर होतो," ते म्हणाले. "सगळा डबा बघत होता. एका पॅसेंजरशी वेगळं बोलायचं का?"

"पुरी-भाजीवाल्या बाईंनी मला विचारलं, तुमचं सासर इंदूरचं का, घरचे काय करतात? मी काय सांगणार? मी सांगितलं, रेल्वेत आहेत, पण कधी भेटत नाहीत."

आई हसायला लागली, तशी परातीतली मेथी पलंगावर सांडली. मग बाबाही हसले, आवाज न करता, खांदे हलवत. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं हे दोघांचं दोघांत होतं, आणि अधूनमधून आई त्यांना घरातच 'थोड़ा टाइम लगेगा' म्हणायची ते कशावरून, हे मला त्या दुपारी कळलं. हसण्याच्या नादात बाबांचं लक्ष उडालं आणि गाडी पुढच्या स्टेशनाच्या थोडी पलीकडे जाऊन थांबली.

आता थंडी आहे. सकाळी लॅपटॉप चालू केला की आकडा चाळिशीतच असतो, आणि मी त्याच्याकडे बघणंही सोडलंय. बाबा संध्याकाळी एकटे खाली उतरतात, काठी घेऊन स्टेशनच्या बाजूला फिरून येतात, कधी गरम गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे मसालेदार तुकडे, बांधून आणतात. डॉक्टरने त्यांना सुट्टी दिली आहे, म्हणजे ती स्वतःच आता येत नाही.

गेल्या रविवारी मी जेवून उठले तर टेबलाजवळ आई बसलेली होती. मटार सोलून झाले होते. बाबा मागे पलंगावर हात बांधून बसले होते, पॅसेंजरसारखे. आई ट्राम चालवत होती. कुठल्या तरी समुद्रकाठच्या गावातली, निळी, छोटी. लोक थांब्यावर उभे होते आणि आईने ती त्यांच्या बरीच अलीकडे थांबवून दारं उघडली.

"अहो, प्लॅटफॉर्म पुढे आहे," बाबा म्हणाले.

"येतील चालत," आई म्हणाली. "ऊन किती छान पडलंय."